टीपॉयवरचा भूकंप

एसटीची ड्रायव्हरकी संपल्यावर लोणीच्या सोपानरावांना भलताच नाद लागला. जावई ऋषीने तलवारबाजीचा खेळ आणला होता. टीपॉय म्हणजे जहाज, त्यावर बोटाएवढे शिपाई आणि दोघांचा एकेक सरदार. फासे टाकून लढायचं आणि खाली पडला तो बुडाला.

दिवाळीत ऋषीने त्यांच्या सरदाराला पार कडेला रेटलं. सोपानरावांनी सरदार बोटाने धरला आणि गुडघ्याने टीपॉयला हळूच धक्का दिला. ऋषीचे शिपाई धडाधड खाली पडले.

"भूकंप झाला, पावणं!"

"मामा, नियमात भूकंप नाही!"

मुलगी अश्विनीने पाण्याचा तांब्या उचलला आणि वडिलांच्या सरदारावर ओतला.

"दादा, आता पूर आला."

सोपानराव पोट धरून हसले. सरदार सदऱ्याला पुसत म्हणाले, "मांडा पुन्यांदा. या डावाला पोरगी माझ्याकडनं!"