ओफिस म्हणजे साप

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये क्रांती अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. शास्त्रीय नावं पाठ होत नाहीत अशी मुलांची तक्रार, म्हणून ती नावं फोडून सांगते. अ‍ॅम्फी म्हणजे दोन्हीकडचं, बायोस म्हणजे जगणं. बेडूक पाण्यातही जगतो आणि जमिनीवरही. हे ग्रीक. राना म्हणजे बेडूक, हे लॅटिन. पण इक्थियोफिस आलं की ती घाई करते. इक्थिस म्हणजे मासा, ओफिस म्हणजे साप, एवढं सांगून फळा पुसते. पुस्तकातलं ते सापासारखं चित्र तिला बघवत नाही.

ती लहान असताना तिचे काका मण्यार चावून गेले. दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांना देवळात नेलं होतं.

गेल्या पावसाळ्यात ती राधानगरीकडं, आपल्या गावी गेली होती. सकाळी तिची काकी तानाबाई खताचा खड्डा उकरत होती. काकीची हाक आली तशी क्रांती परसात धावली. काकीच्या घोट्यावर रक्त होतं. काकीचा मुलगा विश्वजित एका पालथ्या बुट्टीवर, खताच्या टोपलीवर, पाय देऊन उभा होता; खाली काहीतरी कोंडलं होतं.

"पायावरनं गेलं," काकी म्हणाली. "चावलं का न्हाय, कळलं न्हाय."

शेजारचा केरबा म्हणाला, "मण्यारच आसणार. देवळात न्या आधी."

"देवळात न्हाय," क्रांती म्हणाली. "विश्वा, गाडी काढ."

"काढतो. पर डॉक्टर इचारतील की कसला साप म्हणून. तू जनावरांचं शिकवतीस, बघ की."

क्रांती वाकली आणि तिनं बुट्टीची कड उचलली.

काळपट, ओलं, वळवळणारं काहीतरी. अंगावर पांढरे पट्टे नव्हते. खवले दिसेनात, गांडुळासारखी वळी मात्र होती. डोळे कातडीखाली दडलेले, नुसते ठिपके. इक्थियोफिस. म्हणजे देवगांडूळ, बेडकाच्याच गणगोतातलं, बिनविषारी. नाव ठेवणाऱ्यानंही त्याला सापच म्हटलं होतं.

"साप न्हाय ह्यो," ती म्हणाली. पण रक्त ह्याच्यामुळंच आलं, हे कोण सांगणार? खड्ड्यात दुसरं काही असलं तर?

गाडीत ती काकीचे डोळे बघत होती. मण्यार चावली की पापण्या जड होतात. कोल्हापूर जवळ आलं तसं काकीच्या पापण्या मिटायला लागल्या.

"काकी, डोळं उघड. माझ्याकडं बघ."

"पहाटंपास्नं उठलीया, पोरी. झोप यायलीया."

क्रांतीला रडू फुटलं. काकीचा हात तिनं दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

कोल्हापुरात डॉक्टरांनी काकीला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. विषाचं एकही लक्षण दिसलं नाही. घोट्यावर ओरखडा होता, बहुतेक खतातल्या एखाद्या तारेचा.

ते परतले तेव्हा खड्ड्याशेजारी देवगांडूळ ठेचलेलं पडलं होतं.

"साप न्हाय म्हणून सांगितलंतं की मी," क्रांती म्हणाली.

केरबानं मान खाली घातली. "सांगितलंतंस. पर तुम्ही गेल्यावर भ्या वाटलं."

क्रांतीनं ते देवगांडूळ हातात उचललं. थंड आणि बुळबुळीत लागलं, अंगावर काटा आला. चिंचेच्या बुडाशी पुरून ती नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिली.