धुतलेला चेंडू

खेळ संपला की चेंडू धुवायचे. माझ्यासमोर.

कर्जतच्या आमच्या शाळेत मैदानाच्या कडेला विहीर होती. आमची कॅप्टन वसू चेंडू खाली ठेवायची आणि खेळाच्या बाई विहिरीच्या कट्ट्यावरून तांब्याने पाणी ओतायच्या. एक तांब्या. दोन. तीन. मग तो दिवसभर उन्हात, आणि वाळला की कपाटात. धुऊन होईपर्यंत मी दहा हात लांब उभं राहायचं, मगच वर्गात जायचं. मला ते बघायला लावायचं होतं, दुसरं काय.

मी नववीत होते. आम्ही बौद्धवाड्यातले. आय भाताच्या गिरणीत पाखडायला जायची. रसायनीकडच्या एका कारखान्याने शाळेला बास्केटबॉलचे दोन खांब, दोन फळ्या आणि एक चेंडू दिला होता, आणि सबंध शाळेत माझ्याइतकी उंच पोरगी नव्हती. म्हणून मला घेतलं. नाइलाजाने घेतलं.

खेळताना विटाळ नव्हता. मी वर उडून चेंडू धरला की वसू ओरडायची, "इकडे दे, इकडे दे!" वसू वकिलांची मुलगी. माझ्या घामाने ओला झालेला चेंडू ती छातीशी धरायची. शिट्टी वाजली की विटाळ सुरू. जिंकायला माझा हात चालायचा, कपाटाला चालायचा नाही.

आणि चेंडू कशाचा? चामड्याचा. ढोराच्या कातड्याचा. ते कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, हे त्या तांब्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या आज्याने उभा जन्म तेच केलं होतं.

दिवाळीनंतर चेंडू बिघडला. एका अंगाला फुगला, पपईसारखा लांबोडका झाला. टप्पा टाकला की भलतीकडे पळायचा. अलिबागला जिल्ह्याचे सामने आठवड्यावर आले होते. आणि एका सकाळी मी चेंडू धरला तर शिवण उसवली आणि आतला फुगा बाहेर आला.

बाई धावत आल्या. माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मेलेली ढोरं ओढणाऱ्यांच्या हातात चेंडू दिला, आमचीच चूक. फाडलान मेलीने."

 वसू माझ्यापासून दोन पावलं मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी आयला बोलावलं. ती गिरणीतून तशीच आली, केसांत भाताचा कोंडा. व्हरांड्याची पायरी चढली नाही. तिला काय झालं ते कळतच नव्हतं. चेंडू फाटला एवढं कळलं. हात जोडून म्हणाली, "बाय, पोरगी हाय. चुकली. पदरात घ्या."

बाई म्हणाल्या, "अलिबागला न्यायची की नाही ते मी ठरवेन. आधी त्या रेषेवर नाक घास. मुलींना कळू दे, वस्तूची किंमत काय असते ती."

पांढऱ्या फक्कीने आखलेली मैदानाची रेष. आय गेली, गुडघ्यांवर बसली आणि नाक घासलं. एकदा नाही, तीनदा. बाईंनी तीनदा मोजलं.

मी काय केलं? काही नाही. गप्प उभी राहिले. मला अलिबागला जायचं होतं. हे लिहायला आजही जड जातं, पण खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला? आय मातीत वाकली होती आणि माझ्या डोक्यात एकच होतं. आता तरी नेतील.

घरी जाताना तिच्या नाकावर फक्की तशीच. बाजारातून गेलो. लोक बघत होते. मी तिला सांगितलं नाही. पुसलीही नाही. वाड्याजवळ आल्यावर तीच म्हणाली, "आता नेतील ना गं तुला खेळाया?"

नेलं. एसटीत मला सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं, शेजारी सामानाची पिशवी. पिशवीत तोच चेंडू, चांभाराकडून टाके घालून आणलेला.

सामन्याआधी आम्ही त्याच चेंडूने सराव करत होतो. पंच आले. अलिबागचेच कुणी वयस्कर गृहस्थ. त्यांनी चेंडू उचलला, अंगठ्याने दाबला, नाकाशी नेला.

"हा रोज भिजवता का हो?"

बाई म्हणाल्या, "छे हो."

"मग कुजला कसा? बाई, चामड्याला पाण्याचा थेंब लावायचा नसतो. कोरड्या फडक्याने पुसायचा. भिजवून उन्हात टाकला की शिवण जाणारच. ह्यात खेळणाऱ्याचा दोष नाही."

बाई हसल्या. नुसत्या हसल्या. वसू बुटाची नाडी बांधायला वाकली, ती बराच वेळ वाकलेलीच.

 तांब्या त्यांचा. पाणी त्यांचं. सोवळं त्यांचं. आणि नाक माझ्या आयचं.

पहिला अर्धा सामना मी वेड्यासारखी खेळले. चार गुणांनी पुढे होतो. मध्यंतराला मी सगळ्यांसमोर बाईंपुढे उभी राहिले.

"बाई, चेंडू कुणी खराब केला?"

"सामना चालू आहे. गप्प खेळ."

"माझ्या आयसमोर सांगा. चूक तुमची होती म्हणून."

बाईंचा आवाज चढला नाही. थंडपणे म्हणाल्या, "तुझी आई आणि मी एक का गं? आमच्या बरोबरीने एसटीत बसवून आणली, हेच खूप समज."

माझ्या पाठीवर नंबराचं फडकं बांधलेलं होतं. मी गाठ सोडली, फडकं बाकावर ठेवलं आणि मैदानाबाहेर जाऊन बसले. बाईंनी आधी दटावलं, मग समजावलं, शेवटी हातही जोडले. माझ्या जागी ज्या मुलीला घातलं ती समोरच्यांच्या खांद्याला लागत होती. आम्ही हरलो. दणकून हरलो. मी शेवटपर्यंत बसून बघितलं. मला आनंद झाला. फार आनंद झाला.

घरी आयला सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. तिने कानाखाली ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "मग मी नाक कशाला घासलं गं? खेळायचंच नव्हतं तर घासलं कशाला?" आणि मग रडत बसली. 

बेशिस्तीबद्दल शाळेने नाव काढलं. मावशीकडे राहून खोपोलीत मॅट्रिक झाले. खेळ सोडला नाही. खेळावरच मुंबईत एका सरकारी खात्यात नोकरी लागली. अकरा वर्षं खात्याच्या संघातून खेळले. गुडघा गेला तेव्हा बदली मागून परत आले. सकाळ-संध्याकाळ लोधिवलीला मुलींना खेळ शिकवायला लागले. कशेळ्याच्या वरच्या वाड्यांतल्या पोरी एसटीला लोंबकळून यायच्या. माझ्याकडे पहिला धडा एकच. चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरवायचा, आणि संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचा. पुढे जिल्हा बास्केटबॉल संघटनेची सचिव झाले. पहिल्या बैठकीत सगळे पुरुष, आणि माझ्यासाठी खुर्ची नव्हती. मी बाहेरून आणली आणि मधोमध ठेवली.

गेल्या महिन्यात ठराव आला. तालुक्यात बास्केटबॉल रुजवल्याबद्दल बाईंचा सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रावर सचिवाची सही लागते.

बाई स्वतः कचेरीत आल्या. केस पिकलेले, हातात काठी. मी उठून खुर्ची दिली. पाणी दिलं. प्यायल्या. म्हणाल्या, "तूच माझी खरी कमाई गं. भाषणात सांगणार आहे मी, हिला मी घडवलं म्हणून."

मी विचारलं, "बाई, चेंडू कुणी खराब केला?"

"कुठला चेंडू?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली. विहीर, तांब्या, फक्कीची रेष. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"अगं, ते तेव्हाचं. आणि तुझ्या आईला मी कुठे सांगितलं? आपणहोऊनच वाकली ती. त्या लोकांना सवयच असते."

आय जाऊन दोन वर्षं झाली. बरं झालं, हे ऐकायला नव्हती.

मी म्हणाले, "नाक घासू नका. माझ्या मुलींसमोर रेषेवर उभ्या राहा आणि एक वाक्य बोला. चेंडू मी खराब केला, आणि तिच्या आईला नाक घासायला मी लावलं. लगेच सही करते."

बाई काठी टेकत निघून गेल्या. संध्याकाळी अध्यक्ष आले. "म्हातारं माणूस आहे. मोठ्या मनाने सोडून द्या हो." मोठं मन दर वेळी आमच्याकडेच मागायला येतात. तीनदा मोजणारीकडे कुणी गेलं नाही.

मानपत्र माझ्या टेबलावर पडून आहे. पद काढून घेतील, असा निरोपही आलाय. घेऊ दे. दुसऱ्या कुणाची सही घेतली, तर सत्काराच्या दिवशी त्याच मंडपात उभी राहून हे सगळं मी मोठ्याने वाचणार. अलिबागला जायला मिळावं म्हणून एकदा मी गप्प राहिले होते. आता मला कुठेही जायचं नाही.