मावशीच्या सात सुया

बाजारपेठेतल्या त्या दगडी इमारतीनं दोनदा सोंग बदललं, पण जिन्याखालची मावशी होती तिथंच राहिली. नाटकगृह होतं तेव्हा ती आम्हा नटांचे अंगरखे शिवायची. सिनेमा आला, तशी फाटक्या खुर्च्यांना टाके घालू लागली. आता तिथं कपड्यांचं मोठं दुकान आहे. ज्या खोलीत मी मिशा चिकटवल्या, तिथं गिऱ्हाइकं पँटी घालून बघतात आणि मावशी त्या आखूड करून देते.

तिचा एक नियम होता. सकाळी सात सुया उशीत टोचायच्या, काम संपलं की सात मोजायच्या. फार पूर्वी, ऐन दरबारात माझ्या बगलेत विसरलेली सुई घुसली आणि मी सिंहासनावरून ताडकन उठलो. लोकांना तो राजाचा संताप वाटला, टाळ्याही पडल्या. मावशी मात्र तेव्हापासून मोजू लागली.

वर्षभरापूर्वी तिची नजर गेली. मालकाला कळलं तर काम जाणार, आणि घरी अंथरुणाला खिळलेली बहीण. म्हणून दुकान उघडताच मी जायचो, सुया मोजून ओवून द्यायचो. शिवण ती बोटांच्या अंदाजानं करायची.

सुई घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. "राजे, हात थरथरतोय तुमचा."

"वय झालं, मावशी."

"तलवार धरतानाही थरथरायचा. तेव्हा कुठलं वय?"

अशाच गप्पांच्या नादात गेल्या सोमवारी मी आठ सुया ओवल्या. संध्याकाळी मावशीनं चाचपून सात मोजल्या आणि निर्धास्त घरी गेली. आठवी एका कोटाच्या अस्तरात राहिली होती. ती गिऱ्हाइकाच्या दंडात शिरली.

दुसऱ्या दिवशी मालकानं तीच सुई तिच्यापुढे धरली. मला राहवलं नाही. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "ओवून मीच देतो. काल एक जास्त दिली."

"तुम्ही का ओवता, आजोबा?"

मालक मावशीच्या डोळ्यांकडे निरखून बघू लागला. माझ्या तोंडून नकळत सगळं सांगून झालं होतं.

मावशीनं उशी पिशवीत टाकली. पायरीवर थांबून पुन्हा चाचपली.

"सातच आहेत, राजे. मी चुकले नव्हते."

"नव्हतीस, मावशी."

"घरी बहिणीला काय सांगू?"

जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोललो. त्या पायरीवर मला एक वाक्य सुचलं नाही.