चित्रातली न वाचता येणारी ओळ

धर्माबाद स्टेशनजवळ दगडी कमानींचं एक बैठं घर आहे. मिरचीच्या हंगामात तेलंगणातले व्यापारी तिथं मुक्कामाला उतरायचे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं ते विकत घेतलं आणि नीटनेटकं अतिथीगृह करायचं ठरवलं. हैदराबादच्या एका हॉटेलात तिनं बरीच वर्षं काम केलं होतं. मी नांदेडच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. हात अजून स्थिर आहे हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं मला बोलावलं.

"मॅडम, पुढच्या खोलीची भिंत अशी पाहिजे," म्हणत तिनं एक जाडजूड पुस्तक माझ्यासमोर उघडलं.

दीड-दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चित्रकारांना पूर्वेकडच्या देशांचं फार वेड होतं. अरबस्तान, तुर्कस्तान, मोरोक्को इथले बाजार, घरं, बायका त्यांनी हौसेनं रंगवल्या. त्या चित्रांना ओरिएंटलिस्ट म्हणतात. तिनं उघडलेल्या पानावर निळ्या फरशांची भिंत होती, जाळीतून गालिच्यावर पडलेलं ऊन होतं, एक हुक्का होता आणि लोडाला टेकून लवंडलेली एक बाई होती. भिंतीच्या वरच्या कडेनं पांढऱ्या अरबी अक्षरांची एक ओळ गेली होती.

ते ऊन बघून मला मोह झाला. आमच्याकडं दुपारी जाळीतून पडतं ते ऊन अगदी तसंच असतं. हा चित्रकार खरंच तिथं बसला असेल का? की घरी बसून, विकत आणलेल्या गालिच्यावर कुणाला तरी बसवून त्यानं हे सगळं रचलं असेल? पुस्तकात त्याबद्दल काहीच नव्हतं.

मी काम सुरू केलं. फरशा सोप्या होत्या. ऊनही जमलं. वरच्या ओळीपाशी मात्र माझा हात थांबला. नुसते आकार बघून उतरवणं अवघड नव्हतं, पण त्यात काय लिहिलंय ते कळेना. नको ते असलं तर? मी पानाचा फोटो काढला आणि रेल्वेनं नांदेड गाठलं.

नांदेडला माझी एक जुनी ओळखीची बाई राहते. उर्दू शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला आपा म्हणतात. निवडणुकीच्या कामाला आम्ही दोघी एकाच केंद्रावर होतो, तेव्हापासूनची दोस्ती. तिनं चष्मा पुसला, फोटो मोठा करून करून पाहिला.

"बाई, ह्याच्यात कायच लिहिलेलं न्हाई."

"म्हणजे?"

"हे बघ, हा अलिफ हाय. हा लाम वाटतो. पण शब्द एकबी न्हाई. चित्र काढणाऱ्याला वाचता येत नव्हतं. दिसलं तसं काढून ठेवलं."

मी पुन्हा फोटो पाहिला. गालिच्याची एकेक गाठ त्यानं रंगवली होती. ह्या अक्षरांचा अर्थ काय, हे त्याला कुणाला तरी विचारावंसं वाटलं नसेल?

आपाला आता भिंत बघायचीच होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर धर्माबादला आली. तिथं चादरी-गोधड्यांचं काम बघणाऱ्या एक मावशी होत्या. आपानं पुस्तकातलं चित्र बघितलं, तशा मावशीही वाकल्या.

"ही बाई आजारी हाय का?" मावशींनी विचारलं.

"न्हाई, आराम करून राहिली," मी म्हणाले.

"एवढ्या उजेडात?"

लवंडलेल्या बाईच्या अंगावर ऊन कसं पडेल ते मला नीट बघायचं होतं. मी मावशींना खिडकीपाशी बसवलं. पाच मिनिटं त्या कशाबशा बसल्या. मग म्हणाल्या, "मला रिकामं बसायला जमत न्हाई." त्यांनी अर्धी गोधडी ओढून घेतली आणि सुई चालवायला लागल्या. ऊन त्यांच्या मनगटावर पडलं. मी तेच काढलं.

संध्याकाळी माझी विद्यार्थिनी आली. भिंतीवर लवंडलेल्या बाईच्या जागी गोधडी शिवणारी बाई तिनं बघितली.

"मॅडम, मी दुसरंच सांगितलं होतं तुम्हाला. पाहुण्याला आल्या आल्या वाटलं पाहिजे, आपण कुठंतरी लांब आलोय."

"तुझा पाहुणा निजामाबादहून येणार. लांब म्हणजे किती लांब?"

ती हसली नाही. दोन दिवस थांबा म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. बाई राहू द्या, ओळ मात्र पाहिजेच.

ती ओळ आपानं लिहिली. बांबूच्या लेखणीनं मोठ्या कागदावर, उर्दूत: आइए, बैठिए, पानी पीजिए. रेषांवर टाचणीनं भोकं पाडून कोळशाची पूड थापायची, म्हणजे नक्षी भिंतीवर उतरते. ते काम माझं. मी नेटानं केलं, वर पांढरा रंग भरला आणि आपाला फोटो पाठवला.

लगेच फोन आला. आपाला हसू आवरत नव्हतं.

"पानीच्या खाली तीन नुक्ते असतात. तू एकच दिला. पानीचं बानी झालं."

"बानी म्हणजे?"

"संस्था काढणारा. आता पाहुण्यानं संस्थापकाला प्यायचं का?"

दोन टिंबं मला चुकून पडलेली भोकं वाटली होती, म्हणून मी ती सोडून दिली होती. मला फार लाज वाटली. त्या चित्रकारावर मी इतके दिवस मनातल्या मनात ताशेरे ओढत होते, आणि मीही तेच केलं होतं. शिडीवर चढून मी दोन्ही टिंबं दिली.

अतिथीगृह सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात आलेला एक म्हातारा व्यापारी पिशवी खाली न ठेवताच मान वर करून उभा राहिला. त्यानं ओळ मोठ्यानं वाचली, बाकावर बसला आणि म्हणाला, "लाओ फिर." मावशींनी तांब्या आणून दिला.

त्या महिन्यापासून मी दर गुरुवारी आपाकडं जाते. ती पाटीवर अक्षरं गिरवून घेते. नुक्ता चुकला की बोटावर पट्टी मारल्यासारखं करते. परवा बाजारात एका जुन्या दुकानाची उर्दू पाटी मी थांबून वाचली. फक्त "किराना" एवढंच होतं. दुकानदारानं काय पाहिजे म्हणून विचारलं. मी पावशेर गूळ घेतला.