कुमरे बाईंचे दोन थेंब

दारूबंदीच्या जिल्ह्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत राजरोस मोहाची दारू बाळगणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आली. ती म्हणजे फिजिक्सच्या आमच्या कुमरे बाई. ॲसिडच्या शेजारी त्यांची छोटी बाटली असे. गॅसगळती ओळखणारं नवं यंत्र स्वतः बनवून झालं की बाई पळसाच्या पानावर दोन थेंब टाकून ते यंत्रासमोर धरत. यंत्र बोंब ठोकी. मग बाई डोळे मिटून हात जोडत. थेंब चाचणीसाठी असतात एवढं आम्हाला कळे. हात जोडण्यावरून मात्र स्टाफरूममध्ये थट्टा चाले, आणि तिच्यात मी पुढे असे.

मी अहेरीच्या त्या कॉलेजात मराठी शिकवत होतो. विज्ञानाशी माझा संबंध चहापुरता. तरी बाई मला सोडत नसत.

"टिन ऑक्साइड म्हणजे कथिलाची राख समजा, सर. तापवली का हवेतला ऑक्सिजन तिच्या कणाले चिपकते अन् करंट अडवून धरते. गॅस आला का तो ऑक्सिजन सुटते, करंट वाहाले लागते, घंटी वाजते. गॅसची वाफ असो का दारूची, तिले सारखीच." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "नाकाले सवय होते सर, हिले नाई होत."

साहेब लोकांसमोर मात्र बाई अगदी छापील मराठी बोलत. इतकी शुद्ध की मलाच सावरून बसावं लागे.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी प्रयोगशाळेत डोकावलो. बाई बाटली पिशवीत ठेवत होत्या. "वाटेत पोलिसांनी धरलं तर?" मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि पहिल्या यंत्राची गोष्ट सांगू लागल्या.

आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांत यंत्रं बसवायची की नाही, हे ठरवायला जिल्ह्याचे साहेब आले होते. पोरीचं काम पाहायला एटापल्लीकडच्या गावाहून बाईंचे वडीलही आले. त्यांच्या घरी नवा नांगर असो की बैलबंडी, मोहाचे दोन थेंब देवाच्या नावानं वाहिल्याशिवाय कामाला लावत नसत. म्हातारा गर्दीतून सरळ पुढे गेला आणि पोरीच्या नव्या अवजारासमोर त्यानं थेंब सोडले. यंत्र किंचाळलं. सगळे हसले. साहेबांनी विचारलं, "कोण हो हे?"

"मी म्हटलं, माहीत नाही, सर. त्यांना बाहेर बसवा." बाईंनी ते वाक्य त्याच छापील मराठीत सांगितलं.

यंत्र मंजूर झालं. बाई बाहेर आल्या तेव्हा वऱ्हांडा रिकामा होता.

"दुसऱ्या दिवशी गावाले गेली. मी तोंड उघडाच्या आधी बाबाच म्हणे, 'माह्यं चुकलं, बाई. सायबासमोर तुही मशीन रडवली मी.' घरातले मोहाचे मडके त्यानं गोठ्यात नेऊन ठेवले होते. मी मशीन घेऊन आली त वाजू नये म्हणून. मशीन बरोबर होती सर, तिनं तिचं काम केलं होतं. एवढंही मले त्याले सांगता आलं नाई. तो तसाच गेला."

माझी मान वर होईना. त्या जोडलेल्या हातांची मी किती टवाळी केली होती.

बाईंनी कपाटातून एक नवं यंत्र काढलं. "हे तुमच्या घरासाठी," म्हणाल्या आणि पिशवीतली बाटली पुन्हा बाहेर काढली. पान, दोन थेंब. यंत्र वाजू लागलं. तेवढ्यात निरोप समारंभासाठी बोलवायला प्राचार्य दारात आले, मागे पाहुणे साहेब. प्राचार्यांनी नाक मुरडलं.

"हे काय, कुमरे मॅडम? ही दारू कोणाची?"

बाईंनी यंत्र बंद केलं नाही. त्या उभ्या राहिल्या.

"माह्या बापाची," त्या म्हणाल्या.