खेकड्याची नवी नांगी

आमच्या काचेच्या टाकीत रंगीत माशांबरोबर एक लहानसा खेकडाही राहतो. मध्यंतरी मोठ्या माशाशी झालेल्या झटापटीत त्याची उजवी नांगी तुटली. "आता हा खाणार कसा गं?" म्हणत सासूबाई त्याच्या अगदी पुढ्यात उकडलेला वाटाणा सोडू लागल्या.

आज सकाळी तो दगडाजवळ निपचित पडलेला दिसला. मासे त्याला टोचत होते. जड मनाने मी त्याला उचललं, तर हातात आलं रिकामं कवच, पायांसकट आणि डोळ्यांवरच्या टोप्यांसकट! खेकडा मागच्या कपारीत बसला होता. अंग लोण्यासारखं मऊ, आणि उजवीकडे इवलीशी, आरपार दिसणारी नवी नांगी.

"आई, लवकर या!"

आम्ही दोघी काचेला नाक लावून बघत राहिलो. आपल्याला साधं खरचटलं तरी व्रण मागे राहतो. या मुक्या जिवानं मात्र कुणाला न सांगता स्वतःला पुन्हा घडवलं होतं.

एवढ्यात तो मोठा मासा कपारीकडे वळला. सासूबाईंनी चटकन काचेवर तळवा आडवा धरला.

"आज नाही हं," त्या त्याला म्हणाल्या, "आज तो ओली बाळंतीण आहे."