सातव्या विहिरीवरची बाई

एकवीरा माय माझ्यावर रुसली आहे, याची त्या वर्षी मला पक्की खात्री होती. मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांच्या आजाराने आधीच पायांतलं बळ नेलेलं. त्यावरच्या गोळ्यांनी चेहरा असा फुगलेला, की सावद्याच्या व्यापाऱ्याने पपई समजून ट्रकात भरला असता. त्यात कुत्रा चावला. कुत्रा वाघाएवढा होता. माझी थोरली बहीण अक्का आजही पिल्लूच होतं म्हणते. पण चावा तिला नव्हता ना!

जळगावला जाऊन लसीची पहिली सुई घेतली. पायांच्या गोळ्यांचा कुत्र्याशी काय संबंध, म्हणून डॉक्टरांना त्या सांगितल्याच नाहीत. घरी आलो तर अक्का गाडी जुंपून तयार. आमच्याकडे कुत्रा चावलेल्याने सात विहिरींत डोकावायचं असतं. "सुई सुईच्या जागी, विहिरी विहिरींच्या जागी. बस!" तिने फर्मावलं. सहा विहिरींत मी देवीशी भांडतच डोकावलो. सातवीवर पाय लटपटले, आणि मी आत जाणार तोच मागून कुणीतरी कंबर धरली. धुळ्याकडून लेकीकडे आलेली, गालात तंबाखू धरलेली एक बाई होती. पकड अशी, की उधळलेला बैल थांबावा.

तिने माझं तोंड न्याहाळलं. "भाऊ, हाई सूज गोळ्यास्नी शे ना? मना भाऊनी किडनी बदलेल शे, त्याले बी अशाच गोळ्या. कावीळनी लस दिन्ही, ती लागनीच नही. डाक्टरले बठ्ठं, सगळं सांग. आनि गोळ्या आपला मनथीन बंद करू नको!"

अक्का उसळली, "लस लागणार नाही म्हणजे काय?" पण मला डॉक्टरांना न सांगितलेल्या गोळ्या आठवल्या. दुसऱ्याच दिवशी पुन्हा जळगाव गाठलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. माझ्या आजारात अंगातली रोगांशी लढणारी फौज आपल्याच नसांवर उलटते; या गोळ्या तिला झोपवतात, म्हणून आजार आवरतो. पण मग लसीने जागं कुणाला करायचं? त्यांनी जखमेत तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन दिलं, लस चालू ठेवली आणि शेवटी रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. उत्तर आलं: लस पुरेशी लागलेली नाही.

तेव्हा ठरवलं, लागेपर्यंत टोचून घेईन, दंडाची चाळणी झाली तरी बेहत्तर. पुन्हा सुया, पुन्हा रक्त. या वेळचं निकालाचं पाकीट अक्काने न फोडताच देवीपुढे ठेवलं.

"अगं, आधी वाच तरी!"

"आधी तिला कळू दे."

लस लागली होती.

ती बाई देवीच होती, असा माझा दावा नाही. देवी एवढी तंबाखू खात नसावी. पण तेव्हापासून एकवीरा मायपुढे बसलो की मी काही मागत नाही. आहे ते सगळं, लपवावंसं वाटणारंही, सांगून टाकतो. पुढचं तिच्यावर सोपवतो, आणि उठून वेळेवर गोळी घेतो.